डबे वाजवणारे साहेब

आमचे साहेब डबे वाजवायचे.

शर्टाच्या खिशात दोन पेनांच्या मधोमध स्टीलचा चहाचा चमचा. माशांचा डबा असो नाहीतर रसगुल्ल्यांचा, साहेब तो डाव्या तळहातावर घेत, डोळे मिटत, झाकणावर चमचा एकदाच मारत आणि कान लावत. आवाज टणटणीत आला तर आत हवा नाही, माल नीट. आवाज बद्द आला तर आत काहीतरी जिवंत झालंय. ह्या एका चमच्याच्या जोरावर साहेबांनी अर्ध्या नगर जिल्ह्याचे दुकानदार घाबरवून ठेवले होते. साहेबांची जीप पाथर्डीत दिसली की तिकडे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अकोल्यात शटर खाली येत. मी वाढवून सांगतोय असं वाटेल. थोडंच वाढवतोय.

मी त्यांचा नमुना सहायक. खातं अन्न तपासणीचं, नोकरी कंत्राटी. साहेबांनी दुकानातून नमुना घ्यायचा आणि मी तो खाकी कागदात गुंडाळायचा, दोऱ्याने बांधायचा, मेणबत्तीवर लाख वितळवून गाठीवर ओतायची आणि पितळी शिक्का मारायचा. एका मालाचे चार नमुने. एक प्रयोगशाळेला, बाकीचे जपून ठेवायचे, उद्या कोर्टात भांडण झालं तर उघडायला. मुलाखतीला मी गेलो तेव्हा साहेबांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. खिशातला चमचा काढला, माझ्या टाळूवर टण्ण केला आणि शेजारच्या कारकुनाला म्हणाले, "पोकळ आहे. पण गळका नाही. घ्या."

माझ्या लग्नात त्यांनी सासऱ्यांनी दिलेली सगळी भांडी वाजवून पाहिली. मांडवात, मंगलाष्टकं चालू असताना. हंड्याशी थांबले आणि सासऱ्यांना म्हणाले, "हा जोड देऊन आणलाय." सासरे अजून माझ्याशी मोजकंच बोलतात.

दुसरं वेड लेबल वाचण्याचं. वाचायचं तेही मोठ्याने, पोथी वाचावी तसं, पहिल्या अक्षरापासून 'थंड व कोरड्या जागी ठेवा'पर्यंत. मेव्हण्याच्या दहाव्याला गुरुजींच्या पुढ्यातून तुपाची पिशवी उचलून त्यांनी अख्खी वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, हे वनस्पती आहे. आत्म्याला चालत असेल. कायद्याला चालत नाही." कावळा त्या दिवशी शिवला नाही ते बरोबरच झालं, असं ते पुढे वर्षभर सांगत. त्यांच्या मिसेस म्हणायच्या, "ह्यांना घरात चिठ्ठी ठेवायची तर खाली तारीख टाकावी लागते. नाहीतर वाचत नाहीत, जप्त करतात."

एवढे माशांचे डबे धरले, पण ह्या माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता. मी एकदा म्हटलं, "साहेब, चार दिवस रजा काढा, अलिबागला जाऊन या." तर म्हणाले, "समुद्र आपल्या हद्दीत येत नाही."

आता नगर जिल्ह्यात डबाबंद मासा खातो कोण, असं तुम्ही विचाराल. पूर्वी कोणीच खात नव्हतं. सुकट, बोंबील, नाहीतर धरणाचा ताजा मासा, संपलं. भंडारदऱ्याला येणारे पुण्यामुंबईचे लोक डबे मागायचे तेवढेच. मग गल्लीगल्लीत जिम निघाल्या, गावोगाव भरतीच्या अकॅडम्या निघाल्या, आणि आमच्या जिल्ह्याला अचानक प्रोटीन लागायला लागलं. तालुक्याच्या बाजारात हळद-मिरचीच्या शेजारी टूनाचे डबे दिसू लागले. लेबलावर निळा समुद्र, त्यात जहाज, त्यावर इंग्रजी.

साहेबांचं एक वाक्य होतं: "आधी सील, मग सहानुभूती." जामखेडच्या एका किराणावाल्याच्या छातीत आम्ही तेलाचा नमुना घेताना कळ आली. साहेबांनी मला नजरेनेच दटावलं. चारही बाटल्यांना लाख लागली, शिक्के झाले, मग त्यांनी स्वतः त्याला खांद्यावर टाकून जीपमध्ये घातलं, नगरपर्यंत हॉर्न वाजवत नेलं, आणि दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर त्याची सही घेतली. वाचला तो. दिवाळीला फराळाचा डबा पाठवला. साहेबांनी लेबल नाही म्हणून परत केला.

पंच मिळवणं हा आणखी एक छळ. छापा पडला की रस्ता असा ओस पडतो की वाटावं गावात बिबट्या शिरलाय. एकदा कर्जतकडे कोणीच मिळेना, तेव्हा साहेबांनी समोरून चाललेली वरात थांबवली आणि घोड्यावरच्या नवरदेवाला पंच केला. मुंडावळ्या बाजूला सारून त्याने पंचनाम्यावर सही ठोकली. पाच वर्षांनी त्याची साक्ष निघाली तेव्हा तो दोन लेकरं घेऊन कोर्टात आला आणि साहेबांना म्हणाला, "साहेब, त्या दिशी दोन सह्या केल्या. दोन्ही निस्तरतोय."

आणि पुसणं. हे नीट सांगायला हवं. लाख तेलकट पत्र्यावर धरत नाही, कागदाची पट्टी चिकटत नाही. म्हणून साहेबांची शिस्त अशी की डबा सील करण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने चहूबाजूंनी पुसायचा. "नमुना आंघोळ करून कोर्टात गेला पाहिजे," म्हणायचे. मी त्या कामात इतका तयार झालो होतो की माझ्या डब्यात बघून साहेब भांग पाडत.

इथवर हसायचं होतं. आता राहात्याचं सांगतो.

राहात्याजवळ एका गावात मिशनच्या शाळेत शिकवणारे एक मास्तर होते. त्यांची मुलगी एस्तेर पोलीस भरतीची तयारी करायची. पहाटे पाटाच्या रस्त्याने पळायची, तेव्हा म्हणे कुत्री मागे लागायची आणि दमून माघारी यायची. हे मी नाही, मास्तर सांगायचे. अकॅडमीतल्या सरांनी सांगितलं, खुराक वाढव. मास्तरांनी बाजारातून टूनाचे दोन डबे आणले. पहिला उघडताना फुस्स झालं. मास्तरांना वाटलं, सोड्याच्या बाटलीसारखं पॅकिंग पक्कं असेल. पोरीचा खुराक म्हणून आईबापाने त्यातला घाससुद्धा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एस्तेरला एका आईच्या जागी दोन दिसायला लागल्या. मग पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली, पाणी गिळेना, आणि रात्री श्वास अडकला. दीड महिना ती मशीनवर होती. डॉक्टरांनी सांगितलं, डब्यात कोंडलेल्या मालात होणारं विष आहे, नसा बांधून टाकतं.

आम्ही गेलो तेव्हा ती घरी आली होती. खाटेवर उशीला टेकून बसलेली. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आवाज नाकातून यायचा.

साहेबांनी विचारलं, "मास्तर, ते डबे कुठायत?"

"दुसरा आम्ही घाबरून विहिरीमागच्या खड्ड्यात पुरला होता, तो कुत्र्यांनी उकरून नेला. पहिला मात्र आहे, रिकामा." मास्तरांनी टेबलावरचा डबा आणून दिला. घासूनपुसून लख्ख. त्यात खडू ठेवलेले.

माझं तोंड उतरलं. धुतलेल्या डब्यातून प्रयोगशाळा काय काढणार, खडू? पण साहेबांनी खडू मास्तरांच्या ओंजळीत ओतले आणि डबा उलटा केला. बुडावर बारीक काळ्या ठिपक्यांनी काढलेला नंबर होता. बॅचचा नंबर आणि तारीख. साहेबांनी तो मोठ्याने वाचला. परत वाचला. मग म्हणाले, "मास्तर, ह्यात आता विष सापडणार नाही. पण एका घाण्यातून निघालेल्या सगळ्या डब्यांवर हाच नंबर असतो. ह्याची भावंडं जिथं सापडतील, तिथं हे विष शिजलं, एवढं कोर्टाला दाखवायला हा नंबर पुरतो. दुसरं काही नाही आपल्याकडे."

एस्तेर खाटेवरून म्हणाली, "साहेब, आमच्या ग्रुपमधल्या पोरी तेच डबे खातेत. मी सांगते तर म्हणत्यात, तुला पचलं न्हाई. ते बंद व्हईल का?"

तीन प्रतींत लिहिल्याशिवाय कुणाला 'बरं' न म्हणणारा हा माणूस. म्हणाला, "बंद करतो."

दुकानदारापासून ठोक व्यापारी, व्यापाऱ्यापासून टेम्पोवाला, टेम्पोवाल्यापासून श्रीगोंदा तालुक्यातलं एक बंद पडलेलं गुऱ्हाळ. उसाच्या मधोमध पत्र्याचं शेड. आत पाच-सहा बाया खळ लावून डब्यांना समुद्र चिकटवत होत्या. पलीकडे क्रेटमध्ये उजनी धरणाच्या फुगवट्यावरून आणलेली चिलापी, गोड्या पाण्यातला स्वस्त मासा. आणि गूळ जिच्यात आटवायचे त्या काहिलीत खळखळत्या पाण्यात झाकणबंद डबे उकडत होते.

साहेबांनी काहिलीत वाकून पाहिलं. "नुसत्या उकळीने हे विष करणारे जंतू मरत नाहीत," ते हळू म्हणाले. "प्रेशर लागतं. ह्याने पोरीला गुळाच्या काहिलीत शिजवलेलं खाऊ घातलं."

मालक उसाचा रस घेऊन आला. हातात चार अंगठ्या, बोलणं गोड. "साहेब, बसा की. एवढं काय हाय त्यात? मासा मासाच अस्तोय. पान्यात पवला म्हंजी झालं."

"लेबलावर टूना लिहिलंय. खोल समुद्रातला."

"उजनी काय उथळ हाय का साहेब? माझा चुलता बुडालाय तिच्यात."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेब हसले नाहीत. शेडच्या कोपऱ्यात डब्यांची थप्पी होती. त्यांनी एकेक उचलून उलटा करून पाहायला सुरुवात केली. घाम निथळत होता. वाजवणंही विसरले. मग एकदम थांबले. मास्तरांच्या डब्यावरचा नंबर. तोच. त्या नंबराचे शेकडो डबे.

त्यांनी त्यातले चार माझ्याकडे दिले आणि स्वतः पंचनामा लिहायला बसले. शेजारच्या वस्तीवरचे दोघे पंच हात बांधून उभे होते. मी पिशवी उघडली, खाकी कागद काढला, दोरा काढला. डबे तेलाने चिकट. स्पिरिटमध्ये फडकं भिजवलं आणि पुसले. वरून पुसले, कडेने पुसले, बुडाला पुसले. आयुष्यात इतकी नीट कामं मी कमीच केली असतील, कारण मला त्या पोरीचा हात दिसत होता.

फडक्याला काळं लागलं. मला वाटलं, मळ.

साहेबांच्या तरुणपणी डब्यांवर आकडे ठोकलेले असत. बोटाला लागायचे, रॉकेलने घासले तरी जायचे नाहीत. पुसायची शिस्त त्या डब्यांसाठी होती. आता शाईचे ठिपके मारतात. साबणाला टिकतात, स्पिरिटने जातात. हे साहेबांना ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच. मी मोबाईलवर फोटोसुद्धा काढले. पुसल्यावर. चकचकीत दिसावेत म्हणून. मग लाख ओतली, शिक्का मारला, पंचांनी सह्या केल्या. साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "आज काम झालं."

उरलेला सगळा माल जप्त करून, नियमाप्रमाणे मालकाकडूनच लिहून घेऊन, त्याच शेडमध्ये कुलपात ठेवला. आठव्या दिवशी शेडला आग लागली. शॉर्टसर्किट म्हणे. त्या शेडमध्ये वीज आकडा टाकून घेतलेली होती, पण आग मात्र अधिकृत निघाली. साहेब जळके पत्रे बघून आले आणि म्हणाले, "जळू दे. चार आहेत आपल्याकडे." प्रयोगशाळेचा अहवाल आला: मासा चिलापी, माल असुरक्षित, आत विष. त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. पेढ्याच्या पुडक्यावरचं लेबल न वाचता वाटले, यावरून काय ते समजा.

कोर्टात तारखा पडत गेल्या. दर तारखेला मास्तर राहात्याहून श्रीगोंद्याला एस्टी बदलत यायचे, मागच्या बाकावर बसायचे. एस्तेर भरतीची वयोमर्यादा ओलांडून गेली. तिचा हात तेवढाच वर जात होता. अखेर साहेबांची साक्ष निघाली. रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले.

मालकाचा वकील अगदी शांत माणूस होता. त्याने विनंती केली, राखून ठेवलेल्या नमुन्याचं सील सगळ्यांसमोर फोडावं. फोडलं. खाकी कागद उलगडला. त्याने डबा हातात घेतला, उलटा केला, आणि न्यायाधीशांकडे धरून आमच्या साहेबांना विचारलं.

"साहेब, पंचनाम्यात तुम्ही बॅच नंबर लिहिलाय. ह्या डब्यावर कुठाय?"

बूड आरशासारखं होतं. पंख्याची पाती त्यात फिरताना दिसत होती.

दुसरा नमुना फोडला. तसाच. फोटो मागितले. चकचकीत. पंचांना विचारलं, तर ते म्हणाले, आम्ही सही केली, आकडे आम्हाला कळत न्हाईत.

"म्हणजे हे डबे त्या शेडमधले, त्या बॅचचे, ह्याला तुमच्या अक्षराशिवाय पुरावा नाही," वकील म्हणाला. "हे पुसले कुणी?"

मी दाराशी उभा होतो. माझं तोंड उघडलं. देवाशप्पथ सांगतो, उघडलं होतं. साहेबांनी पिंजऱ्यातून माझ्याकडे एकदा पाहिलं. माझी नेमणूक दर अकरा महिन्यांनी नवी व्हायची, घरी दोन मुली, हे त्यांना माहीत होतं.

"मी पुसले," साहेब म्हणाले.

शपथेवर. जन्मभर दुसऱ्यांची लेबलं वाचणाऱ्या माणसाने पहिल्यांदा चुकीचं लेबल लावलं, तेही स्वतःवर. मी तोंड मिटलं. ते आजतागायत मिटलेलं आहे, म्हणून तर एवढं बोलतो.

मालक सुटला. खात्याने साहेबांवर चौकशी लावली: पुराव्याशी हेळसांड. ती त्यांच्या निरोपसमारंभाच्या दिवशीही चालूच होती, त्यामुळे समारंभ झाला नाही. रिटायर झाल्यावर दोन महिन्यांनी एका रविवारी साहेब मला घेऊन राहात्याला गेले. जीप नव्हती, एस्टीने. वाटेत दुकानांकडे बघतही नव्हते.

मास्तर चर्चहून नुकतेच आले होते. निकाल त्यांनी कोर्टात ऐकला होता. तरी साहेबांनी उभ्यानेच सांगितलं, जसं काही पंचनामा वाचून दाखवावा: "केस गेली. नंबर पुसला गेला. चूक माझी."

मास्तर खाली बघत म्हणाले, "बसा साहेब."

एस्तेर दारात आली. आता ती गावातल्या बालवाडीत काम करत होती. आवाज बराच सुधारला होता, फक्त काही अक्षरं घसरायची. तिने साहेबांच्या पायांना हात लावायला वाकून बघितलं, साहेब झटकन मागे सरले.

"साहेब, त्याने नवीन शेड घातलंय म्हणं. बाजारात डबे आलेत. नाव दुसरं हाय, पण डब्याचा आकार तोच हाय. मी उचलून बघितला. तुम्ही परत छापा टाकनार ना?"

"नाही," साहेब म्हणाले. "मी सुटलो आता नोकरीतून."

"मग तुमच्या जागी कोन आलंय?"

कोणी आलेलं नव्हतं. आमच्या ऑफिसात त्या खुर्चीवर फायली ठेवलेल्या होत्या, आणि तीन तालुक्यांचा कारभार ज्याच्याकडे जादा दिला होता तो अधिकारी नाशिकहून महिन्यातून एकदा येऊन सह्या करून जायचा. साहेबांना हे माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. एस्तेरने पाहिलं.

हीच वेळ होती. म्हणायचं होतं, साहेबांनी नाही, मी पुसले. फडक्याला काळं लागलं ते मी बघितलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, दोन वाक्यं. ह्या जिभेने मी आजवर बिबट्या उठवलेत, वराती थांबवल्यात, आख्ख्या तालुक्याची शटरं पाडलीत.

"टाकतील की," मी म्हणालो. "कोणीतरी येईल. लवकरच."

जन्मात हजार थापा मारल्या, प्रत्येक वेळी कोणीतरी हसलं, कोणीतरी म्हणालं, "ए, पुरे." ह्या वेळी तिघांनाही कळलं होतं, आणि तिघांपैकी एकानेही मला खोटं पाडलं नाही. एस्तेर म्हणाली, "बरं," आणि डाव्या हाताने आमच्यासाठी खुर्ची ओढायला लागली.